चाळीसावं खोकं

सरावलीत चिमणच्या घरामागे ताडपत्रीच्या आडोशाला एक जुनी फियाट उभी होती. उभी म्हणजे काय, चार कोपऱ्यांना विटांचे चार ढीग आणि त्यांवर ती टेकवलेली. दर रविवारी सकाळी चहा झाला की चिमण तिच्याखाली शिरायचा, पान्याने कुठेतरी दोन ठोके मारायचा आणि जेवायची हाक आली की काळे हात घेऊन बाहेर यायचा. हात काळे दिसावेत म्हणून तो ग्रीसच्या डब्यात बोटं बुडवून घ्यायचा, हे मात्र फक्त त्यालाच ठाऊक होतं. निदान त्याची तशी समजूत होती. हे असं तब्बल तीन वर्षं चाललं होतं.

सुरुवातीला असं नव्हतं, हेही सांगायला हवं. २०१४ साली घोलवडच्या ज्या वखारीत चिमण चिकू निवडून खोकी भरायचं काम करायचा, तिथल्या शेठने ही गाडी भंगारात काढली. चिमण तिच्याभोवती दोन दिवस घुटमळत राहिला, तेव्हा शेठच वैतागून म्हणाला, ने बाबा, तुला एवढी आवडते तर घेऊन जा. ट्रॅक्टरला बांधून ती सरावलीला आली. चिमणची घरधनीण शुक्री, तिचा भाऊ सुक्या तेव्हा डहाणूच्या एका गॅरेजात होता. त्याने आणि चिमणने मिळून ती गाडी पार सुटी केली. एकेक भाग रॉकेलने धुवायचा, पुसायचा, चिकूच्या खोक्यात ठेवायचा आणि उंदीर-धूळ शिरू नये म्हणून वरून चिकटपट्टी मारायची. दोन वर्षांत त्यांनी इंजिन बांधलं, ब्रेक बसवले, सीटवर नवं रेक्झिन चढवलं. चिमणच्या आयुष्यातली तीच दोन वर्षं अशी होती की तो सकाळी कुणी न उठवता उठायचा.

त्याच दिवसांतली गोष्ट. इंजिन बांधून झालं म्हणून अंगणात ताडी होती, चार माणसं होती, आणि चिमणला बोलायचा जोर चढला होता. सगळ्यांसमोर तो म्हणाला की ही गाडी चालू झाली की शुक्रीला हिच्यात बसवून आपल्या लग्नाला नेईन. सगळे हसले. शुक्री हसली नाही. लग्नाला निघेन त्याच दिवशी त्या गाडीत पाय टाकीन, त्याआधी नाही, एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला आत गेली. आणि खरंच, पुढे चार वर्षांत ती त्या गाडीत कधी बसली नाही. झाडताना आत केरसुणी फिरवायची तीही बाहेर उभी राहूनच.

शुक्री चिमणच्या घरी आली त्याला तेव्हा सोळा वर्षं होऊन गेली होती. त्यांची पोरगी निलम पंधरा वर्षांची झाली होती. लग्न मात्र लागलेलं नव्हतं. त्यांच्या जमातीत यात काही वावगं नाही. पोरापोरीने एकमेकांना पसंत केलं, घरच्यांनी मान डोलावली की पोरगी नांदायला येते. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. कुणाचं दोन पोरं झाल्यावर लागतं, कुणाचं पोरांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. त्यावरून कुणी कुणाला टोचून बोलत नाही. फक्त एका ठिकाणी अडतं. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आणि तो लग्न लागलेल्या सवाशिणींनीच काढायचा असतो. आता शुक्रीसारखा हात आख्ख्या पाड्यात कुणाचा नव्हता. स्वतःच्या चुलीमागच्या भिंतीवर तिने काढलेले कोंबडे आणि माडावर चढणारी माणसं बघायला बाया मुद्दाम यायच्या. पण लग्नघरात तिने पीठ कालवून द्यायचं, रेघ वाकडी जात असली तर उंबऱ्यापाशी बसून सांगायचं, एवढंच. चौक रेखायची बांबूची काडी तिच्या हातात यायची नाही. निलमचा चौक मी काढणार, एवढंच तिचं मागणं होतं. ते तिने चिमणला एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायची तिची रीत नव्हती.

मग २०१६चा हंगाम आला. चिकू इतका उतरला की घोलवडच्या वखारीत जागा पुरेना, आणि सरावलीच्या बाजूचा माल चिमणच्याच अंगणात भरायचं ठरलं. दर फेरीला चाळीस खोकी. दुपारी चैत्याचा ट्रक यायचा, थेट दिल्लीला जायचा. एके दिवशी ऊन मी म्हणत होतं, चैत्या हॉर्न वाजवून घाई करत होता आणि भरणारी पोरं जेवायला गेली होती. चिमणने स्वतःच्या हाताने खोकी चढवली. एकोणचाळीस झाली. चाळीसावं कुठे म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, ताडपत्रीखाली एक दिसलं, चिकटपट्टी मारलेलं, वजनही तेवढंच. त्याने ते उचलून चढवलं, फळी लावली आणि ट्रक गेला.

त्या खोक्यात गाडीचा कार्ब्युरेटर होता. शिवाय डिस्ट्रिब्युटर, पेट्रोलचा पंप आणि सेल्फ. गाडी सुरू करायला जे जे लागतं, ते सगळं सुक्याने एका जागी राहावं म्हणून एकात भरून ठेवलं होतं.

चिमणला ते कळलं चार दिवसांनी, आणि कळलं वासाने. ताडपत्रीखाली अतिपक्व चिकूंचा गोड, आंबूस वास सुटला. मडगार्डच्या आडोशाला ढकललेलं खोकं त्याने उघडलं तर आत चिकूंचा चिखल आणि माशा. म्हणजे ट्रकात गेलं ते गाडीचं सामान. मग कुणी यायच्या आत त्याने गाडीमागे खड्डा खणून सगळे चिकू पुरून टाकले.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? चैत्याला गाठेल, वखारीत सांगेल, दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोन लावायला लावील. चिमणला हे सुचलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी वखारीत तो फोनपाशी दोनदा जाऊन आला. पण त्याने काही केलं नाही, आणि का केलं नाही हे आडपडदा न ठेवता सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं. गाडी जवळजवळ तयार झाल्यापासून तो किल्लीला हात लावायचं टाळत होता. किल्ली फिरवली आणि गाडी हूं की चूं करत नाही, आणि बाजूला नवी साडी नेसून शुक्री उभी आहे, असं त्याला दिवसाढवळ्या दिसायचं. आयुष्यात त्याने पहिल्या खिळ्यापासून शेवटपर्यंत केलेली ही एकच गोष्ट होती. जोवर ती चालू करून बघितली नाही, तोवर ती बिघडलेली नव्हती. खोकं गेलं, आणि किल्ली फिरवायची वेळच टळली.

सुक्या तेव्हा नुकताच वापीला कंपनीत लागला होता, त्यामुळे येऊन बघणारंही कुणी उरलं नाही. फोनवर तो विचारायचा, भावोजी, कुठवर आलं? चिमण सांगायचा की थोडंच राहिलंय, कार्ब्युरेटर बसवायचा बाकी आहे. एका अर्थी ते खरंच होतं.

पुढच्या पावसात गाडीमागे एक चिकूचं रोप उगवलं. हे कुणी लावलं, असं शुक्रीने विचारलं. पाखरांनी बी टाकली असेल, असं चिमण म्हणाला. शुक्री रोपाकडे बघत राहिली, मग चिमणकडे, आणि दुसऱ्या दिवशी तिने रोपाभोवती काट्यांचं कुंपण केलं. तिन्ही उन्हाळे ती त्याला पाणी घालत होती.

२०१८च्या दिवाळीनंतर तलासरीकडे जमीन हादरायला लागली. आज धक्का, उद्या धक्का, माणसं घरं सोडून अंगणात झोपायला लागली. निलमने पसंत केलेला नितीन तिकडच्याच एका पाड्यावरचा. त्याच्या म्हाताऱ्या आजीने त्या हादऱ्यांची अशी धास्ती घेतली की ती एकच धरून बसली, नातवाचं लग्न मला बघू द्या, उद्या कोण राहील कोण नाही. पोरगी नुसती नांदायला आणायची नाही, लग्न लावूनच आणायची. निरोप आला तेव्हा शुक्री भात कांडत होती. मुसळ हातातच धरून ती किती तरी वेळ हसत होती.

लग्नं लावणारी हिरी धवलेरी येऊन बसली. तिने सांगितलं की आईबापाचं आधी, मग पोरीचं. चैत्रातला शनिवार चिमण-शुक्रीचा, रविवार निलम-नितीनचा. चिमणने उत्साहाने मान हलवली आणि म्हणाला की नितीनच्या चुलत्याची जीप आहे, तीच घेऊ, सोयीचं पडेल.

"जीप नको," शुक्री म्हणाली. "तू बोलला व्हतास ती गाडी."

चिमण म्हणाला की ती काय आता वेळेत होत नाही. शुक्री म्हणाली की दोन महिने आहेत, आणि दर रविवारी तर तू तिच्याखालीच असतोस. हिरीने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पान जमवायला घेतलं.

ते दोन महिने चिमणने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. रोज सकाळी तो ठरवायचा, आज. वखारीतून सुटलो की तडक डहाणूला, गॅरेजवाल्यांना विचारायचं. एकदा गेलाही. त्यांनी सांगितलं की या गाडीचं सामान आता इकडे मिळत नाही, मुंबईला भंगारबाजारात बघावं लागेल. मुंबईला जायचं म्हणून त्याने एक रविवार मोकळा ठेवला, स्टेशनपर्यंत गेला, बाकावर बसला आणि तीन गाड्या डोळ्यांदेखत जाऊ दिल्या. चौथी यायच्या आत उठून घरी आला. कुणी त्याचे पाय बांधले नव्हते. स्वतःला शिव्या घालत तो परत आला आणि परत गाडीखाली जाऊन पडला. वर इंजिनाचा तळ दिसत होता, स्वतः बांधलेला, एक थेंब तेल न गळणारा. या हातांनी हे केलं, असं त्याला वाटायचं, मग याच हातांना आता काय झालं? छातीवर कुणी चिकूचं भरलेलं खोकं ठेवावं तसा त्याचा जीव दडपायचा. एकदा तो तिथेच पडल्या पडल्या रडला. हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून त्याने पाना दातात धरला.

शुक्रीने घरातली मोठी भिंत गेरूने सारवून घेतली. तिच्यावर कुणाला हात लावू देत नव्हती. फाल्गुन संपत आला तशी ती बोलायची कमी झाली. गाडीबद्दल तर अक्षर काढत नव्हती. शेवटी निलमनेच विषय काढला. ताडपत्रीखाली वाकून ती म्हणाली, "बा, खरं सांग. व्हणार हाय का नाय?"

चिमण गाडीखालून म्हणाला की होईल, होईल, थोडं राहिलंय.

"पाच वर्सं थोडंच राहिलंय," निलम म्हणाली. "आये दुसऱ्या गाडीत बसत नाय, तुझी गाडी हालत नाय. तुमचं लागल्याबिगर माझं लागत नाय. मी अशीच जाते, त्याच्या आजीला समजावीन मी. तुम्ही नाय का राहिलात?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर चिमण बाहेर येऊन भांडला असता. त्याला फक्त तिची पावलं लांब जाताना दिसली. लग्नाच्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, नितीनची मोटरसायकल आली. निलम आईच्या पाया पडली, पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली आणि गेली. रीतीप्रमाणे त्यात काहीच चुकलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी शुक्री अशीच तर आली होती. पाड्यातल्या बाया म्हणाल्या, बरं झालं, पोर मार्गी लागली.

शुक्री सारवलेल्या भिंतीसमोर जाऊन बसली. ती रडली असती तर चिमणला सोसलं असतं. ती नुसती भिंतीकडे बघत होती, आणि मांडीवरचा तिचा उजवा हात, काडी धरल्यासारखी बोटं जुळवून, बारीक बारीक हलत होता. ते चिमणने बघितलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला, ती नेहमी लोकांच्या लग्नात बसायची तसा.

"शुक्रे," तो म्हणाला, "कार्ब्युरेटर नाय. तीन वर्सं नाय. मीच ट्रकात चढवला."

मग त्याने सगळं सांगितलं. चाळीस खोकी, वास, खड्डा, फोनपाशी जाऊन परत येणं, स्टेशनवरचा बाक, ग्रीसच्या डब्यातली बोटं. बरं वाटल्याचंही सांगितलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते असं भडाभडा बाहेर आलं.

सांगून झालं तेव्हा ती उठली. शिडी लावून माळ्यावर चढली, भाताच्या कणगीमागे हात घातला आणि एक खोकं ओढून काढलं. चिकूचं खोकं. चिकटपट्टी एका बाजूने कापलेली, वर चिमणच्याच अक्षरात गावाचं नाव. ते तिने त्याच्यासमोर आणून ठेवलं.

चैत्याने ते पंधराव्या दिवशीच परत आणलं होतं. दिल्लीच्या व्यापाऱ्याने उघडलं, शिव्या घातल्या आणि त्याच्याच ट्रकात टाकून दिलं. चिमण तेव्हा वखारीत होता. शुक्रीने चैत्याला सांगितलं की कुणाला बोलू नको, मीच देते त्याला. चैत्याने शब्द पाळला.

"मग दिलं का नाय?" चिमणने विचारलं.

"तू विचारशील म्हणून थांबले," शुक्री म्हणाली. "शोधशील, कुणाला तरी विचारशील. तू तर गाडीखाली जाऊन झोपायला लागलास. मला वाटलं, ह्याला गाडी नको का मी नको? ते तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं."

तीच पुढे म्हणाली, हट्ट माझापण झाला, पोर गेली तेव्हा कळलं. आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं नाही.

लग्नासाठी ठरलेल्या शनिवारी उजाडल्या उजाडल्या चिमणने खोकं उघडलं. भागांवर तीन वर्षांपूर्वी लावलेलं तेल अजून होतं. त्याने वापीला सुक्याला फोन लावला, फोन सीटवर ठेवला आणि तो सांगेल तसं एकेक बसवत गेला. सेल्फ बसला, पंप बसला, डिस्ट्रिब्युटर बसला. एक नट दोनदा खाली पडला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, कॅनमधून पेट्रोल ओतलं, चाकं चढवली, विटा काढल्या. गाडी पाच वर्षांनी जमिनीवर आली. उजाडताना सुरू केलेलं काम संपलं, आणि अजून दुपारचं जेवण झालं नव्हतं.

किल्ली फिरवायच्या आधी त्याने डोळे मिटले. पहिल्यांदा नुसती घरघर झाली. दुसऱ्यांदाही. फोनवरून सुक्या म्हणाला, घाबरू नको, परत मार. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं. आवाज एकसारखा, भरीव. चिमण स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिला. आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या मनात एकच घोळत होतं, निलम काल गेली.

शुक्री बाहेर आली. बॉनेटवर तिने तळहात टेकला आणि आतली थरथर हाताला लागेपर्यंत तसाच ठेवला.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली.

शुक्री आत गेली आणि बाहेर आली ती कापडाची पिशवी घेऊन. पिशवीतून तांदळाच्या पिठाची पुडी आणि चिंधी गुंडाळलेली बांबूची काडी वर आली होती. मागचं दार तिने स्वतः उघडलं, क्षणभर थांबली, मग पाय आत टाकला आणि सीटच्या मधोमध बसली.

"आधी हिरीकडे थांब, तिला घे," ती म्हणाली. "मग तलासरीला. पोरीला आणल्याबिगर मी उतरणार नाय. आज आपलं, उद्या तिचं."

घराचं दार सताड उघडं होतं आणि आतली गेरूने सारवलेली कोरी भिंत गाडीतून दिसत होती. दाराला कडी घालायला उतरावं असं चिमणच्या मनात आलं. पण गाडी बंद केली तर परत चालू होईल याची त्याला खात्री नव्हती, आणि चालू ठेवून उतरायचाही धीर होईना. दार तसंच टाकून त्याने गिअर टाकला.